जामखेडच्या बायकांनी घडविलेला इतिहास आणि आपली वस्ती

आपल्या विहाराला यंदा पंचवीस वर्षे पूर्ण झाली. स्मरणिका समितीने आम्हांस "इतिहासावर काहीतरी लिहा" म्हणून सांगितले. इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि सनावळ्या असेच शाळेत शिकवितात. आम्ही शाळेत फार दिवस टिकलो नाही. सूतगिरणीत रिंगफ्रेमवर उभे राहायचे आणि पाळी सुटली की वाचनालयात जाऊन बसायचे, एवढेच आमचे शिक्षण. पण त्या वाचनातून एक गोष्ट ध्यानात आली, की ज्यांच्या हातून खरा इतिहास घडतो त्यांची नावे पुष्कळदा पुस्तकात येतच नाहीत. म्हणून या अंकासाठी आम्ही राजेरजवाड्यांचा नव्हे, तर डोईवर हंडा घेणाऱ्या आणि खडी फोडणाऱ्या बायकांचा इतिहास निवडला आहे. तो दूर देशीचा नाही. अहमदनगर जिल्ह्यातल्या (२०२४ पासून अहिल्यानगर) जामखेड तालुक्यातला आहे.

हा विषय का घेतला

स्पष्टच सांगतो. गेल्या दोन वर्षांत आपल्या विहारात चार शोकसभा झाल्या. चौघांपैकी एकही जण सत्तरीचा नव्हता. त्यातला एक आमच्याच खात्यातला साथी. त्याचे नाव लिहीत नाही, आपण सारे ओळखतो. त्याला क्षय झाला होता. दवाखान्यात तीन खेपा घातल्यावर गोळ्या सुरू झाल्या. दोन महिन्यांत खोकला थांबला, अंगात जरा तरतरी आली, आणि त्याने गोळ्या सोडून दिल्या. गोळ्या आणायला गेलं की खाडा पडायचा, खाडा पडला की पगार कापला जायचा. क्षयाचा उपचार किमान सहा महिने न चुकता घ्यावा लागतो, मध्येच सोडला तर रोग उलटतो आणि मग साध्या औषधांना दाद देत नाही, हे त्याला कोणी समजावून सांगितलं नाही. दवाखान्यातून त्याच्या घरी कोणी आलं नाही. पण आम्ही तरी कुठं गेलो? त्याची खोली विहारापासून पन्नास पावलांवर होती. वंदनेला तो दिसत नाही हे आम्ही पाहात होतो, विचारीत नव्हतो. तो गेला तेव्हा शोकसभेचे सूत्रसंचालन आम्हीच केले. भाषण चांगले झाले असे पुष्कळांनी सांगितले. त्या रात्री आम्हांला झोप आली नाही.

आम्ही शोकसभा चांगल्या घेतो. जिवंत माणसाची सभा घ्यायला मात्र आम्ही शिकलो नाही. जामखेडच्या लोकांनी ती घेतली. ती कशी, हे पुढे सांगतो.

१९७० सालचे जामखेड

डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे जोडपे वेल्लोरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकले. नगर जिल्ह्यातच वडाळा येथे मिशनच्या इस्पितळात त्यांनी काम केले. तिथे त्यांच्या लक्षात आले की बरा करून घरी धाडलेला रोगी काही दिवसांनी तोच आजार घेऊन परत येतो. पाणी तेच, उपासमार तीच, मग आजार तरी दुसरा कसा येणार? इस्पितळ म्हणजे गळक्या छपराखाली ठेवलेली बादली. बादली कितीही मोठी आणली तरी छप्पर शाकारल्याशिवाय घर कोरडे होत नाही. मग दोघे अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास करून आले आणि १९७० साली त्यांनी जामखेडला 'सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प' सुरू केला. सुरुवात कुठे, तर गुरांच्या जुन्या पडक्या दवाखान्यात.

जामखेड म्हणजे कायम अवर्षणाचा भाग. दिवाळी झाली की माणसे ऊसतोडीला बाहेर पडत. आमचे काही सोयरे त्याच पट्ट्यातले. त्या काळी तिथे जन्मलेल्या दर हजार मुलांमागे १७६ मुले वर्षाच्या आत दगावत असत. म्हणजे साधारण सहा पाळण्यांतला एक रिकामा. बाळंतपण अंधाऱ्या कोपऱ्यात, नाळ कापायला विळा नाहीतर दगड, आणि वर शेण लावायचे. त्यातून धनुर्वात होई. मुलाला हगवण लागली की त्याचे पाणी तोडायचे अशी समजूत होती, म्हणजे तहानेने मरणाऱ्याला आणखी तहानेने मारायचे. आणि हे सारे देवीच्या कोपावर ढकलून मोकळे व्हायचे. कुष्ठरोग्याला तर गावाबाहेर काढीत.

यात आपल्या माणसांचा वाटा सर्वांत मोठा होता हे वेगळे सांगायला नको. रोगजंतू जात पाहात नाही असे म्हणतात. ते खरे आहे, पण अर्धेच. पाणी, अन्न, घर आणि मजुरी ही जातीने वाटलेली असली की जंतूला आपोआप पत्ता सापडतो.

पाण्याचा हापसा

लगेच १९७२ चा दुष्काळ आला. 'बहात्तरचा दुष्काळ' म्हटलं की आमच्या आयाबहिणी अजून कपाळाला हात लावतात. लोक खडी फोडत होते, सुकडी आणि लाल मिलो खात होते. त्या वेळी आरोळे पतिपत्नींना कळून चुकले की ज्याच्या पोटात अन्न नाही आणि घोटभर पाणी नाही त्याला आरोग्याचे व्याख्यान देणे ही थट्टा आहे. लोकांनी आधी पाणी आणि अन्न मागितले, औषध नव्हे. प्रकल्पाने लोकांचे ऐकले, ही त्याची पहिली शहाणीव. गावोगाव पाच वर्षांखालील मुलांसाठी अन्नछत्रे उघडली. शिधा बाहेरून येई, पण सरपण आणायचे, शिजवायचे आणि वाढायचे काम गावाचे. सगळ्या जातींची पोरे एका ओळीत जेवू लागली.

मग विंधन विहिरी खोदून हापसे बसविण्याचे काम निघाले. हापसा कुठे बसवायचा, हा प्रश्न वरवर पाहता जमिनीखालच्या पाण्याचा. पण गावात पाण्याचा प्रश्न नुसता पाण्याचा कधी नसतो. आजवर गावाच्या विहिरीवर आपली बाई लांब उभी राहायची आणि कोणी दया केली तर वरून तिच्या घागरीत पाणी पडायचे. जामखेडच्या प्रकल्पाने आग्रह धरला, की हापसे दलित वस्तीत बसवायचे. आता तहान सर्वांनाच लागलेली. शुद्ध पाणी पाहिजे तर पाटलाच्या घरच्या बाईलाही हंडा घेऊन आपल्या वस्तीत यावे लागले, रांगेत उभे राहावे लागले, त्याच दांड्याला हात लावावा लागला.

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. तिथे आपण पाण्यापर्यंत चालत गेलो. इथे पाणी आपल्या दारात आले आणि गाव चालत आले. दोन्हींचे मोल निराळे, पण गोष्ट एकच. आणि आरोग्याच्या बाजूने पाहिले तर स्वच्छ पाणी मिळताच हगवणीचे प्रमाण उतरते. म्हणजे एका हापशाने दोन रोगांवर घाव घातला, एक पोटातला आणि एक डोक्यातला.

बाई कशी निवडली

सुरुवातीला शिकलेल्या नर्सबाई गावात पाठविण्याचा प्रयत्न झाला. तो जमला नाही. शहरातली शिकलेली मुलगी परक्या गावात राहायला भिते, आणि गावही तिचे ऐकत नाही. मग ठरले की गावानेच आपल्यातली एक बाई निवडावी. अट शिक्षणाची नव्हती. लोकांवर माया पाहिजे, शिकायची तयारी पाहिजे, एवढेच. निवडल्या गेलेल्या पुष्कळ बायका निरक्षर होत्या. कोणी नवऱ्याने टाकलेली, कोणी विधवा, अनेक जणी दलित. गाव ज्यांना हिशेबात धरत नव्हते त्यांच्या हातात गावाचे आरोग्य आले.

दर आठवड्याला त्या जामखेडला येत, मुक्काम करीत, शिकत. पाटी-पेन्सिलीचा धडा नाही, तर गाणी, नाटुकली, चित्रे आणि एकमेकींचे अनुभव. पहिल्या दिवसांत सवर्ण बाई एका कोपऱ्यात आणि दलित बाई दुसऱ्या कोपऱ्यात बसायची. तेव्हा रात्री पांघरायला वेगवेगळी पांघरुणे न देता ती जोडून शिवलेले एकच मोठे पांघरूण दिले गेले. थंडी वाजली की जवळ सरकावेच लागते. असे सरकत सरकत त्या एकमेकींच्या झाल्या. व्याख्यानाने जे झाले नसते ते त्या पांघरुणाने केले.

त्या काय शिकल्या? मुलाचे वजन करणे. गरोदर बाईला धनुर्वाताची लस टोचून घ्यायला लावणे. बाळंतपणाला साबणाने हात धुणे, नवे पाते आणि स्वच्छ दोरा वापरणे. हगवण लागली तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवून घोट घोट पाजणे. खोकला लांबला किंवा अंगावर बधिर चट्टा दिसला तर वेळेत ओळखणे. आपल्या आवाक्यातले आपण करायचे आणि आवाक्याबाहेरचे तडक जामखेडच्या इस्पितळात धाडायचे. यात जादू काही नाही. हे ज्ञान डॉक्टरांपाशी होतेच. फक्त ते कुलपात होते.

या बायकांपैकी मुक्ताबाई पोळ यांचे नाव जगात गेले. १९८० नंतरच्या दशकात त्या अमेरिकेत वॉशिंग्टनला आरोग्याच्या मोठ्या परिषदेत बोलल्या. सभागृहातल्या झुंबरांकडे बोट दाखवून त्यांनी सांगितलेला मुद्दा असा, की ही झुंबरे झगमगीत आणि महाग, पण जागची हलत नाहीत. पणती गरिबाच्या घरात जाते आणि एका पणतीवर दुसरी पणती लागते. शाळेचे तोंड फारसे न पाहिलेल्या बाईने शिकलेल्यांना हा धडा दिला.

मंडळांची मोट

एकटी आरोग्य सेविका गावात टिकली नसती हे ध्यानात घ्यावे. तिच्या पाठीशी मंडळे उभी राहिली. पुरुषांचे शेतकरी मंडळ सुरू झाले ते चक्क व्हॉलीबॉलच्या खेळातून. वेगवेगळ्या जातींची तरुण मुले संध्याकाळी खेळायला जमली. खेळून दमल्यावर बसून बोलू लागली. बोलणे आधी बियाण्याचे, गुरांचे. मग पाण्याचे, मग बायकामुलांच्या आजाराचे. पुढे त्यांनीच अन्नछत्रे चालविली, बांध घातले, झाडे लावली. बायकांची महिला मंडळे निघाली. त्यांनी बचत केली, छोटे कर्ज काढून शेळ्या घेतल्या, हातात चार पैसे आले तशी सासूपुढे आणि नवऱ्यापुढे मान वर झाली. जामखेडलाही निरनिराळ्या जातींच्या आणि पक्षांच्या पुढाऱ्यांची सल्लागार समिती होती, म्हणजे प्रकल्प कुणा एका गटाचा झाला नाही.

शेतकरी मंडळ, महिला मंडळ, आरोग्य सेविका, ग्रामपंचायत आणि इस्पितळ अशी ही मोट बांधली गेली. यातला कोणीही नफ्यासाठी आला नव्हता. प्रत्येकाचे काम निराळे, पण दोर एकाच विहिरीत. सुरुवातीच्या आठ गावांतून काम पसरत शेकडो गावांत गेले. १९७६ पर्यंत, म्हणजे सहाच वर्षांत, हजारी १७६ अर्भकमृत्यूंचे प्रमाण ५२ वर आले आणि पुढे तिशीच्याही खाली उतरले. कुष्ठरोगी गावात, घरात राहू लागले.

जगाने याची दखल घेतली. १९७५ साली जागतिक आरोग्य संघटनेने लोकांच्या हातून घडणाऱ्या आरोग्यावर पुस्तक काढले, त्यात जामखेडचा अध्याय आहे. १९७८ साली तत्कालीन सोव्हिएत संघातील अल्मा-आता येथे 'सर्वांसाठी आरोग्य' हा जाहीरनामा झाला, त्यातला विचार जामखेडने आठ वर्षे आधी मातीत पेरला होता. १९७९ साली आरोळे दाम्पत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मेबलताई १९९९ साली आणि रजनीकांत २०११ साली गेले. त्यांच्यामागे त्यांच्या मुलांनी, डॉ. शोभा आणि रवी आरोळे यांनी, काम पुढे नेले.

सरकारने काय उचलले, काय सोडले

२ ऑक्टोबर १९७७ रोजी केंद्र सरकारनेही खेड्यांसाठी जनआरोग्य रक्षकांची योजना काढली. दर हजार वस्तीमागे एक रक्षक. पण त्यात निवडले गेले ते बहुतांशी पुरुष, आणि पुष्कळ ठिकाणी पुढाऱ्यांच्या मर्जीतले. थोडे दिवस शिकविले, औषधाची पेटी दिली आणि सोडून दिले. पाठीशी ना मंडळ ना दर आठवड्याचे शिक्षण. ती योजना वाळून गेली. पेटी तीच होती, मोट नव्हती. हा फरक आपल्या कार्यकर्त्यांनी पाठ करून ठेवण्यासारखा आहे.

२००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आले आणि गावोगाव 'आशा' ताई नेमल्या गेल्या. या वेळी बाई निवडली, ही जामखेडसारख्या कामांची शिकवण. पण आशाताईला पगार नाही, कामावर मोबदला आणि मानधन. त्यासाठी महाराष्ट्रातल्या आशाताईंना २०२१ आणि २०२३ साली संपावर जावे लागले. आम्ही गिरणीवाले आहोत, काम करवून घ्यायचे आणि कामगार म्हणायचे नाही ही युक्ती आम्ही चांगली ओळखतो. त्याच अभियानात २००७ पासून महाराष्ट्रात ठाणे, पुणे, नंदुरबार, अमरावती आणि उस्मानाबाद (आताचे धाराशिव) या पाच जिल्ह्यांत आरोग्य सेवांवर लोकांची देखरेख सुरू झाली. अनेक संस्था-संघटना एकत्र आल्या. गावकऱ्यांनी दवाखान्यांना गुण दिले, जनसुनावणीत अधिकाऱ्यांपुढे उभे राहून औषध का नाही, डॉक्टर का नाही असे विचारले. म्हणजे सेवा मागायची ती भीक म्हणून नव्हे, हक्क म्हणून.

हा वारसा आपल्याला नवा नाही. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाईंनी मुंढव्याच्या महारवाड्यातले आजारी पोर पाठीवर घेऊन दवाखाना गाठला आणि त्याच प्लेगने १० मार्चला त्या गेल्या. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात गिरणीतल्या बाळंतिणीला रजा आणि भत्ता मिळावा म्हणून बाबासाहेब उभे राहिले. आम्ही दोघांच्या जयंत्या करतो, मिरवणुका काढतो. ते करावेच. पण त्यांनी आजाऱ्याला पाठीवर घेतले आणि आम्ही आजाऱ्याच्या दारावरून मिरवणूक नेली, हे बरोबर नाही.

आपल्या वस्तीचे काय

आता शेवटचे आणि जरा कडू. वर्धापनदिनानिमित्त विहाराकडे निधी जमला आहे. त्यातून संगमरवरी कमान उभारावी असा एक विचार आहे. कमान नको असे आम्ही म्हणत नाही. पंचवीस वर्षांपूर्वी आपण पाट्या वाहून हा विहार बांधला, त्याला शोभा यावी असे आम्हांलाही वाटते. पण कमानीखालून कोण जाणार, हे बघायला हवे.

आमच्या खात्यात कापसाची धूळ असते. वर्षानुवर्षे ती छातीत जाते. सुट्टीनंतर कामावर आले की पहिल्याच दिवशी छाती भरते, दम लागतो. पुष्कळजण हे विडीमुळे म्हणून सोडून देतात. घरात बायका साखरेचा आणि रक्तदाबाचा आजार अंगावर काढतात, तपासत नाहीत. या गोष्टी वेळेत कळल्या तर माणूस वाचतो.

म्हणून आमची सूचना अशी. विहाराची मागची खोली दर रविवारी आरोग्यासाठी उघडावी. वस्तीने आपल्यातल्या तीन बाया निवडाव्यात, शिकलेल्याच पाहिजेत असे नाही. वजनकाटा आणि रक्तदाबाचे यंत्र घ्यावे, त्यांना सरकारी दवाखान्यात आणि आशाताईंकडून रीतसर शिकवून घ्यावे. त्यांनी डॉक्टरकी करायची नाही. कोण खोकतो, कोणाच्या गोळ्या चुकल्या, कोण बाई गरोदर आहे, कोणाचे पोर वजनाने उतरले, याची वही ठेवायची आणि माणसाला हाताला धरून दवाखान्यापर्यंत न्यायचे. ज्याचा खाडा पडणार असेल त्याच्या गोळ्या दुसऱ्याने आणून द्यायच्या. जिथे खाडा भरून निघत नाही तिथे युनियनने बोलायचे. बचत गट, तरुण मंडळ आणि युनियन यांनी मिळून हा भार उचलावा.

आणि हे आपल्यापुरते ठेवू नये. पलीकडच्या गल्लीतले गणेश मंडळ, मशिदीची कमिटी, दोघांनाही बोलवावे. त्यांचीही पोरे त्याच नळाचे पाणी पितात. काहीजण म्हणतील, ते आपल्या विहारात कशाला येतील? जामखेडलाही असेच म्हणत होते. हापसा आपल्या दारात होता, पाणी चांगले होते, लोक आले.

सर्वसाधारण सभेत कमानीचा ठराव यायचा आहे. त्याच्याआधी या खोलीचा ठराव घ्यावा, एवढीच विनंती. निधी दोन्हींना पुरला तर आनंद आहे. पुरला नाही, तर कमान पुढच्या वर्षी उभी राहील. आमचा तो साथी मात्र पुढच्या वर्षी परत येणार नाही, आणि त्याच्यासारखा आज खोकणारा जो कोणी आहे त्याच्यापाशी कमानीएवढा वेळ नाही.

जय भीम!